आत्याच्या घरची पाहुनी

...अन् वरून सारे तिलेच बोलतात! नाई, आता तुमीच सांगा, उत्कर्षाताईनं असं काय म्हटलं होतं? ‘जसं राहता तसंच राहा.’ बस! याच्यात काई शिवी आहे? काई जादूटोना आहे? पन तुमाले सांगते, आपल्या लोकायले तुमी पहाड चढाले सांगा, चढतीन. उपास कराले सांगा, करतीन, अन् वरून साबुदान्याच्या दोन प्लेटा हानतीन. पन ‘जसं राहता तसंच राहा’ सांगून पाहा एकदा... जमतच नाई न बापा!

उत्कर्षाताई मंजे माझी सख्खी मोठी बहीन. रायपूरच्या कॉलेजातून पीएचडी करून राहिली. कशात? तं घरायच्या गरमीत! मतलब कोनतं घर किती तापते, कावून तापते, छप्पर कसं आहे, भिंत कशी आहे, कूलर-पंख्याले बिजली किती लागते, असं सारं. बाबाले पहिल्यांदा सांगितलं तं बाबा पेपर खाली ठेवून म्हनतात, "भिलाईतलं घर गरम होते हे सांगाले डिग्री लागते काय व? मले इचार न, मी फुकटात सांगतो." ताईचं तोंड इतकुसं झालं. पन ताई मंजे ताई आहे. लहानपनी सेक्टरमधल्या क्वार्टरात दुपारी आमी सारे घामानं चिपचिप होऊन लोळून राहिलो असलो का ही उठून भिंतीले हात लावून पाहे. ही भिंत गरम, ती भिंत जास्त गरम. आई म्हने, "पोट्टीले ऊन लागलं वाट्टे." उन्हाचं कायचं, तिले पीएचडी लागली होती!

तं तिच्याजवळ होत्या डब्या. मशीनच ते, लॉगर म्हनतात, पन आमच्याकडे सारे डबीच म्हनत. पांढरीशुभ्र, काडेपेटीहून मोठी, बिस्किटच्या पुड्याहून लहान, अन् कोपऱ्यात एक हिरवा लाइट, लुक... लुक... लुक. भिंतीवर टांगून द्याची, मंग ते दिवसरात आपल्याच मनानं टिपून ठेवते का या खोलीत गरमी किती. कोनी काई कराचंच नाई! ताई एकेकाच्या घरी जाये, मी स्कूटी चालवू, ते मागे डब्याची थैली मांडीवर घेऊन बसे, जसं लहान लेकरू दवाखान्यात चाललं. भिलाईतले क्वार्टर, दुर्गातले मोहन नगरचे घरं, सारे ओळखीपाळखीचेच. अन् प्रत्येक घरी एकच भाषन. "हे जिथं मानूस झोपते त्या खोलीत राहीन. याले हात लावाचा नाई. याच्या अगदी जवळ बसाचं-झोपाचं नाई, हातभर दूर राहाचं, कावून का मानसाच्या अंगाची गरमी लागली का याचा आकडा बिघडते. बाकी काई नाई, तुमी जसं राहता तसंच राहा."

सारे मान डोलवत. "हाव हाव, तसंच राहू." अन् आमी जिना उतरलो नाई उतरलो का घरात बैठक भरे! आता घरात डबी आली, रायपूरच्या कॉलेजची आली, अन् ते चोवीस तास पाहून राहिली... अन् तुमी जसे राहता तसेच राहान? फाटक्या बनियनवर?

मोहन नगरच्या विजयाकाकूचं ऐका. त्याहिच्या घरचा आकडा पाहून ताईच्या गाइड सरायले तं घामच फुटला. रोज सकाळी, घड्याळ लावल्यावानी, घराले ताप चढे! दिवस निघाला का एकदम वर, मंग सटकन खाली. सर हिंदी बोलनारे. चष्मा कपाळावर चढवून म्हनतात, "उत्कर्षा, ये तो बडा इंटरेस्टिंग है! इस पे एक अलग पेपर बन सकता है! मॉर्निंग पीक!" ताई खुश. मॉर्निंग पीक पाहाले आमी सकाळीच पोचलो मोहन नगरले. पाहतो तं डबी देवघरात! बाळकृष्णाच्या बाजूले. डोक्यावर हळद-कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, अन् काकू तिच्या नाकासमोर आरतीचं ताट फिरवून राहिल्या!

"काकू, हे काय?"

"अव, शिक्षनाची वस्तू आहे बाई. खाली कशी ठेवू?"

झाला मॉर्निंग पीक! ताईनं कुंकू पुसलं, डबी पुन्हा भिंतीवर टांगली, अन् हात जोडून म्हटलं, "काकू, तुमच्या पाया पडते, जसं राहता तसंच राहा."

हा किस्सा आमच्या साऱ्या खानदानात फिरला. अन् सगळ्यात जास्त कोन हसलं असन? आमची आत्या. तुळसाआत्या. पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यातून पानी निघेपर्यंत. "अव माय माय माय... मशीनले कोनी हार घालते काय! येडी आहे ते विजया!"

आता आत्याची ओळख करून द्याले पाहिजे. बाबाची मोठी बहीन. मूलबाळ नाई, मंजे आमी दोघीच तिचे लेकरं. आत्याचे मिस्टर, कृष्णराव मामाजी, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते, रिटायर झाले, पन घरात बसवत नाई म्हून रोज डबा घेऊन दुर्गले जात, कोर्टासमोर एका दोस्ताच्या दुकानात अर्ज टाइप करत बसत. घर मंजे दोन मजली ब्लॉकमधला वरचा क्वार्टर. वरचा! डोक्यावर फक्त छप्पर, अन् छप्परावर फक्त सूर्यनारायन. त्या घरात मे महिन्यात नळाच्या पान्यानं चहा होते, असं मामाजी म्हनत. अन् आत्या कशी? तं तुमी तिले एक पोळी मागा, ते तीन वाढन. "पोट भरलं" म्हना, चौथी तुपात बुडवून वाढन. तिच्या घरून उपाशी तं सोडा, ढेकर न देता कोनी वापस गेलं नाई.

अन् असल्या बाईच्या घरी ताईनं डबी टांगली. आतल्या खोलीत. अन् म्हटलं, आत्या, जसं राहता तसंच राहा.

आत्या डबीकडे पाहून म्हने, "कितीक दिवस राहीन हे?"

"उन्हाळा संपेपर्यंत."

"राहू दे, राहू दे. आमालेही करमते."

कळलं नाई आमाले. तवाच कळाले पाहिजे होतं न! यंत्राबद्दल कोनी असं विचारते? हे तं पाहुन्याबद्दल विचारतात!

मंग फोन केला का आत्या आपली रिपोर्ट दे. "तुझी पाहुनी मजेत आहे. लुकलुक करून राहिली." ताई हसे. "अन् तू कशी आहेस? गरमी होते का घरात?" "नाई व माय! थंडगार आहे एकदम!"

आता इथे खरी गोष्ट ऐका, कावून का सारं याच्यावरच अडलं. ताईच्या प्रोजेक्टात एक छप्पर रंगवाचं होतं. एकच. पांढरा रंग येते तसा, ऊन परतवून लावते, छप्परावर लावला का खालचं घर चांगलंच थंड होते. वरच्या मजल्यावरचे जितके घरं तिनं घेतले होते, त्यातलं जे सगळ्यात जास्त तापन, त्याचं छप्पर रंगवाचं अन् मंग पाहाचं का फरक पडते का. नियम होता तसा. ताईनं मले कदी तोंडानं सांगितलं नाई, पन मले माहीत होतं. तिच्या मनात आत्याचंच छप्पर होतं. लहानपनी ज्या भिंतीले हात लावून लावून ही पोट्टी पीएचडीपर्यंत पोचली, ते भिंत आत्याच्याच घरची होती! दुपारी आमी तिथंच तं राहत होतो! ते घर भट्टी आहे हे तिच्या तळहाताले माहीत होतं.

आकडे आले. आत्याचं घर सगळ्यात थंड.

मतलब साऱ्या यादीत एक नंबर! सर म्हनतात, "वाह, इस घर में क्या बात है?" ताईनं आकडे दोनदा पाहिले, तीनदा पाहिले. मंग म्हने, "चाल मोना, आत्याकडे." गेलो. आता तुमी मले सांगा, आमी गेलो मंजे कोन गेलं? पाहुनेच न! दार उघडलं, आत्यानं आमाले सरळ आतल्या खोलीत नेलं. अहाहा! काय गारवा! कूलर गर्र गर्र, खसचा वास, खिडकीले ओली चादर. ताई विचारते, "कूलर तं समोरच्या खोलीत राहे न, इकडे कावून आनला?" "अव, दुपारी झोपाले बरं पडते." "रोज लावतेस?" "रोज!" एकदम खरं. रोजच लावत होती! कोनासाठी, हे आमी विचारलं नाई, तिनं सांगितलं नाई. आमी गारव्यात बसून आंब्याचं पन्हं पेलो. आत्या दोन-दोन मिनिटाले उठून सैपाकघरात जाये. तिच्या पाठीवरचं पोलकं ओलंचिंब होतं... मले वाटलं, पानी सांडलं असन.

मंग छप्पर कोनाले भेटलं? तुमाले सांगते तं विश्वास नाई बसनार. बबलूले! आत्याच्या बाजूच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहते. एकटा, बिनलग्नाचा. सकाळी हथखोजले फॅक्टरीत जाते, रात्री येऊन झोपते. त्यानं डबीले पहिल्या दिवशी पाहिलं तेच. मंग त्या खिळ्यावर आपली पँट टांगत होता, डबीच्या बाजूले! पंखा नाई, कूलर नाई, खिडकी बंद. ताईनं फोन केला तं म्हनते, "कौनसी डब्बी दीदी?... अच्छा वो! है, है, पडी होगी कहीं." साऱ्या भिलाई-दुर्गात हाच एक मानूस जसा राहते तसाच राहिला! त्यानं डबीले पान्याचंही नाई विचारलं, म्हून त्याचा आकडा खरा! सगळ्यात गरम घर, बबलू! दिवसभर ज्या घरात कोनी नसते, त्या घराचं छप्पर पांढरं झालं.

ताईले चैन नाई पडली. सरायले म्हटलं, "सर, वो बुआ का घर... मेरे को कुछ गडबड लगता है." सर म्हनतात, "बेटा, आंकडे हैं, रिश्तेदारी मत मिलाओ." अन् खरं सांगू, सर चुकीचं नाई बोलले. ताईलेही तेच वाटलं का आपली आत्या आहे म्हून आपलं मन तिकडे ओढते. आपल्या मानसाचं काम नियम मोडून करू नये, इतकी सरळ पोट्टी ते. म्हून गप राहिली.

अन् आत्या? आत्याले सांगितलं का तुझं नाई, बबलूचं छप्पर रंगवाचं ठरलं, तं ते काय म्हनते? "बरं झालं व. एकटं पोरगं आहे बिचारं." रंगवाले दोन मानसं आले, तं भर उन्हात त्यायच्यासाठी शरबत घेऊन आपला जिना उतरली, त्याचा जिना चढली. जसं तिच्याच घरचं लग्न आहे!

मंग लागला नवतपा, मे महिन्याच्या शेवटचे ते आगीचे नऊ दिवस.

नवतप्याचं तुमाले काय सांगू, तुमी का बाहेरचे आहा? कुत्रे नालीत बसतात, डांबर चपलेले चिकटते, वारा सुटला तं वाटते कोनी भट्टीचं दार उघडं ठेवलं. तशात एका संध्याकाळी मामाजी दुर्गाहून आले, दार ठोकलं, कोनी उघडेना. शेजाऱ्यानं दार तोडलं. आत्या सैपाकघरात. ओट्याच्या खाली, फरशीवर. अंग असं तापलेलं का मामाजीनं हात लावला अन् हात मागे घेतला.

हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरानं सारं केलं. बर्फ लावला, सलाइन लावलं. शुद्धीवर नाईच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी... जाऊ द्या.

लू लागली, उष्माघात झाला, म्हनलं डॉक्टरानं. ताईनं त्याचा हात धरला. "डॉक्टर, पर उनका घर तो ठंडा है. मेरे पास रीडिंग है." डॉक्टरानं हळूच हात सोडवला अन् कागदावर सही केली.

घरी आनाची होती तिले, म्हून ताई अन् मी आधी आलो, घर आवराले. जिना चढलो. समोरच्या खोलीत पाय ठेवला तं भप्पकन अंगावर आलं, जसं इस्त्रीजवळ तोंड नेलं. सैपाकघरात त्याहून जास्त. ओट्याच्या खाली आत्याची चटई. उशी. एक ओला टॉवेल, जो आता वाळून पापड झाला होता. अन् ताडाचा विंझना. रोजचीच जागा होती ते. चटईनं फरशीवर निशान पाडलं होतं. मामाजी दिवसा घरी नसत, रात्री दोघंही गच्चीवर झोपत, त्याहिले तरी कसं दिसावं?

अन् आतल्या खोलीचं दार बंद. दाराच्या फटीत खालून जुनी साडी कोंबलेली, थंडक बाहेर जाऊ नये म्हून. ताईनं दार ढकललं.

थंडगार.

कूलर चालूच होता. काल दुपारपासून. कोनी बंदच नाई केला न, कोनाले सुचन? पानी संपत आलं होतं, पंप खरखर करून राहिला होता. अन् कूलरचं तोंड कोनाकडे? तं डबीकडे. पलंग रिकामा, चादरीले एक सुरकुती नाई. बिना मानसाच्या खोलीत भिंतीवर एकटी डबी गार हवा खात बसली होती. लुक... लुक... लुक.

तेवढ्यात मामाजीही पोचले, मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हनतात, "तूच म्हटलं होतं न पोरी, मानसाच्या अंगाची गरमी लागली का आकडा बिघडते. मले म्हने, उत्कर्षाच्या डिग्रीचं काम आहे, आपन कशाले त्या खोलीत जाचं. रोज बादलीनं पानी भरे कूलरात. मी म्हटलं, मशीनले कशाले कूलर? तं म्हने, पोरीची वस्तू आहे, आपल्या घरी पाहुनी आली, तिले उकाड्यात ठेवाचं काय?"

हातभर! ताईनं हातभर म्हटलं होतं हो! पन एक मागितली तं तीन वाढनारी बाई ते. हातभर मागितलं, अख्खी खोली देऊन बसली.

ताई रडली नाई तवा. कूलर बंद केला. डबी खाली उतरवली. दोन्ही हातात धरून बसली, अन् बसली ते बसली. मी म्हटलं, "ताई, उठ न, लोक येतीन." तं म्हनते कशी, "मोना, आपल्या हाताची गरमी लागून राहिली न याले?" मी ते डबी तिच्या हातातून काढून थैलीत ठेवली.

तेराव्यानंतर सर भेटाले आले. चांगले मानूस आहे, डोळ्यात पानी होतं त्याहिच्या. पन सर ते सर. जाता जाता म्हनतात, "बेटा, उस घर का डेटा निकाल देना. आउटलायर है." आउटलायर मंजे काय, मी ताईले विचारलं. ताई म्हने, साऱ्यायच्या सारखं जे नसते, त्याले म्हनतात. मंजे ज्याले यादीतून काढून टाकाचं.

हाव. आमची आत्या आउटलायर. आता बोला.

वर्षभर ताईनं थैलीले हात नाई लावला. बाबा, जे म्हनत फुकटात सांगतो, तेच एक दिवस म्हनले, "पोरी, कर व पुरं. तिनं तं तुझ्या डिग्रीसाठीच..." अन् थैली उचलून तिच्याजवळ आनून ठेवली. तं यंदा पुन्हा निघाली. मी स्कूटीवर, ते मागे, थैली मांडीवर. पन भाषन बदललं. आता ते ‘जसं राहता तसंच राहा’ म्हनत नाई. अक्कल आली न! आता सरळ खोटं बोलते. म्हनते, "या मशीनले गरमीच आवडते. थंड हवा लागली का हे खराब होते. कूलर तुमच्याकडे वळवा, याच्याकडे बिलकूल नाई."

वाटलं, चला, झालं एकदाचं! चार दिवसानं विजयाकाकूकडे पाहतो तं काय? डबी गच्चीवर! भर उन्हात, पापडाच्या बाजूले! "अव, गरमी आवडते न तिले? घरात कूलरची हवा लागे, मले तं रातभर झोप नाई आली." घ्या! कोनत्या कॉलेजात शिकवन हो हे? आमच्या लोकायचा पाहुनचार मोजाची डबी अजून कोनत्या कंपनीनं काढली नाई!

हसले न तुमी? मीही हसली. ताईही हसली, वर्षानंतर पहिल्यांदा. हसतच आमी निघालो मामाजीकडे. ते घर ताईनं यादीत शेवटचं ठेवलं होतं. सरायनं काढून टाकाले सांगितलेलं घर, पन तिनं काढलं नाई.

मामाजी एकटेच. दुर्गले जानं सोडलं त्याहिनं. कूलर समोरच्या खोलीत, खुर्चीजवळ. ताईनं डबी काढली, खिळा शोधून राहिली, अन् पाठमोरीच, मान खाली घालून, आपलं पाठ केलेलं खोटं म्हनाले लागली, "मामाजी... या मशीनले गरमीच आवडते. याले कूलर दाखवाचा नाई. कूलर तुमच्याकडे..."

मामाजी ऐकत होते. सारं ऐकलं. मंग खुर्चीवरून उठले, कूलरचे चाकं पायानं सरकवत सरकवत त्याचं तोंड आमच्याकडे वळवलं, अन् आपन जाऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले, जिथं हवा पोचत नाई तिथं. रागानं नाई. बिलकूल रागानं नाई हो. जसं कोनी म्हनते न का भाजीत मीठ कमी होतं, तसं म्हनले,

"हे मागच्या वर्षी सांगाचं न पोरी. तुझी आत्या ऐकत होती तुझं."

मंग शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं अन् म्हनतात, "बसा तुमी, बसा हवेत. मी पन्हं करून आनतो."

अन् गेले सैपाकघरात. आता तुमीच सांगा... या लोकायले कसं सांगाचं, जसं राहता तसंच राहा?